बासष्ट पानांत न सापडलेलं एक वाक्य

नाम घ्या, मंडळी! टाळ जरा थांबू द्या. मागं उभे आहेत त्यांनी पुढं सरकावं. खांबाआड बसायचं नाही — खांबाआडच्यांना डुलकी लवकर लागते, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे!

पूर्वरंगात पद म्हटलं ते ध्यानात आहे ना? "काय हवे तेचि न कळे या जिवा, किती हाका देवा मारू तुज?" पद माझंच आहे बरं का, संतांच्या नावावर खपवत नाही! पण प्रश्न खोटा नाही. ऐका.

माणूस खरं बोलतो. गरज खरी. तळमळ खरी. डोळ्यांतलं पाणी खरं! तरी त्याचं कुणी ऐकत नाही. मग दोष कुणाचा? ऐकणाऱ्याच्या कानाचा, की सांगणाऱ्याच्या तोंडाचा?

बघा, पुढच्या रांगेतून लगेच उत्तर आलं — "ऐकणाऱ्याचा!" साहेब लोकांना कान नसतात, असंच ना? मलाही तसंच वाटायचं. पण ही हकीकत कळली आणि माझा गोंधळ उडाला. खरं सांगतो. आज मी तुम्हाला शहाणं करायला उभा नाही. माझ्या गोंधळातला थोडा तुमच्या पदरात टाकायला उभा आहे!

तर आख्यान आहे एका नर्सबाईचं. राजाचं नाही, राणीचं नाही. विजयमाला खोचरे तिचं नाव. घोटवणे म्हणून डोंगरातलं गाव आहे. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खिंड. खिंडीच्या पलीकडं नागरवाडी — तिथं बाजार, तिथं मोठं आरोग्य केंद्र, सगळं तिथं. आणि खिंडीच्या अलीकडं? अलीकडं दोन खोल्यांचं उपकेंद्र, आणि त्यात ही विजयमाला. एकोणीस वर्षं! गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. शाळेत हजेरी घेताना मास्तरांपेक्षा तिलाच नावं जास्त पाठ! हातात सुई घेतली की हात दगडासारखा स्थिर. पण हातात पेन घेतलं, समोर कोरा कागद आला, की बाईला एक ओळ सुचायची नाही!

का हो? तुमचंही तसंच होतं ना? दुकानात तासभर बोलता, आणि बँकेत दोन ओळींचा अर्ज लिहा म्हटलं की — "जरा तुम्हीच लिहून द्या हो, माझा चष्मा राहिला घरी." चष्मा डोक्यावर असतो!

असो. एका सोमवारी पत्र आलं. घोटवण्याचं उपकेंद्र बंद करून नागरवाडीच्या केंद्राला जोडण्याचं विचाराधीन आहे. कारण लोकसंख्या कमी. उपकेंद्र ठेवण्याची गरज असल्यास आठ दिवसांत सविस्तर अहवाल सादर करावा.

सविस्तर! मंडळी, या एका शब्दानं घात केला. रावणाला अहंकारानं मारलं, बाईला 'सविस्तर'नं!

खिंडीत दरड कोसळली की घोटवणं जगापासून तुटतं. तेव्हा उपकेंद्र नसेल तर? अडलेली बाई कुठं न्यायची? साप चावलेला माणूस कुठं? हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं! पण ते कागदावर आणायचं कसं?

ती गेली ग्रामसेवक शिंगट्यांकडं. शिंगटे माणूस भला. कपाटातून एक जुनी फाइल काढली, धूळ झटकली. "सिस्टर, नव्यानं लिहायची गरजच काय? हा करंजोशी गावाच्या पाणी योजनेचा प्रस्ताव. मंजूर झालेला आहे. गावाचं नाव बदला, विषय बदला, झालं तुमचं काम!"

मग ती गेली दिगंबर गुरुजींकडं. निवृत्त मुख्याध्यापक. गावाचा इतिहास त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. गुरुजी म्हणाले, "पोरी, अहवाल म्हणजे आधी भूमिका लागते. गावाची प्राचीनता, देवीचं जागृत स्थान, जंगलाचं वैभव. साहेबांच्या मनात गावाबद्दल आदर निर्माण व्हायला हवा! तू काळजी करू नको, मी लिहितो." आणि लिहिली! अकरा पानं! "सह्याद्रीच्या कुशीत वसलेले, निसर्गाच्या वरदहस्ताने नटलेले" — इथून सुरुवात.

बातमी गावभर झाली. मग काय विचारता! सरपंच म्हणाले, आलाच आहे विषय तर रस्ता पण घाला. कुणी म्हणालं सौर दिवे घाला. कुणी म्हणालं, दुसरी नर्स मागा. कुणी म्हणालं, इमारतच नवी मागा, गळतंय ना? विजयमाला ऐकत गेली आणि घालत गेली. नाही कुणाला म्हणायचं? सगळे आपलेच.

रोज संध्याकाळी ती ते कागद पुढ्यात घेऊन बसायची. वाचायची. आणि तिच्या डोक्याचा नुसता काला! पान वीसवर काय आहे ते पान चाळीसवर आलं की विसरायची. वाटायचं, आपल्यालाच कळत नाही. एवढी शिकलेली माणसं लिहितायत म्हणजे बरोबरच असणार. आपण अडाणी!

शेवटी नागरवाडीला रेश्मा मुजावरच्या दुकानात टाइप करून घेतलं. रेश्माचं दुकान म्हणजे संगणक, छपाई, झेरॉक्स, सगळं. पहिल्या पानाला वेलबुट्टीची चौकट. मथळे लाल. उपमथळे निळे. रेश्मानं टाइप करता करता एकदा मान वर केली. "ताई, एक विचारू? हे सगळं कुणी वाचायचंय?"

विजयमाला म्हणाली, "सरकारनं."

रेश्मा पुन्हा टाइप करू लागली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा दुकानदारीचा नियम!

बासष्ट पानं झाली, मंडळी. वर प्लॅस्टिकचं कव्हर, बाजूला तारेची गुंडाळी. हातात घेतलं की वजन जाणवायचं. विजयमालेला पहिल्यांदा धीर आला. एवढं जड आहे, म्हणजे काहीतरी असणारच की त्यात!

हसताय? आपणही देवापुढं हार तोलूनच नेतो ना!

पुढचा सोमवार. तालुक्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर हिरवे. वाईट माणूस नाही हो. उगाच खलनायक करू नका त्याला. टेबलावर असल्या फायलींची चळत, भिंतीवर घड्याळ, आणि बाहेर रांग. त्यांनी फाइल हातात घेतली. पहिलं पान उघडलं — देवीचं जागृत स्थान. पाचवं पान — ब्रिटिश काळातली बाजारपेठ. चौदावं — पावसाचा आलेख. साहेबांचा चेहरा कसा झाला? पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि पानावर नुसती रांगोळीच वाढावी, तसा!

मग सतराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"सिस्टर, ही करंजोशीची विहीर इथं कशी आली?"

शिंगट्यांच्या फाइलीतलं तसंच उतरलं होतं! चाळीस ठिकाणी गावाचं नाव बदललं, एका ठिकाणी राहून गेलं. आता साहेबांच्या मनात काय येणार? विहीर दुसऱ्याची, तर बाकीचे आकडे तरी हिचे कशावरून? एक खडा लागला, मंडळी, की माणूस सगळा भात बाजूला सारतो!

साहेबांनी फाइल मिटली. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सिस्टर, हे राहू दे. तुम्ही मला तोंडी सांगा. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

केवढा सोपा प्रश्न! एकोणीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट! विजयमालेनं तोंड उघडलं. आणि डोळ्यांपुढं काय उभं राहिलं? रस्ता. सौर दिवे. इमारत. दुसरी नर्स. देवीचं स्थान. तिचं तिलाच कळेना कुठलं धरू आणि कुठलं सोडू. आणि तोंडातून शब्द आला —

"सर... सगळंच."

साहेबांनी उसासा टाकला. "गुरुवारी जिल्ह्याला बैठक आहे. बारा उपकेंद्रांचा निर्णय एकाच दिवशी. तुमच्या गावाच्या वाट्याला माझ्याकडं पाच मिनिटं. हे बासष्ट पानांचं मी तिथं काय करू? बुधवारी पाच वाजेपर्यंत मला दुसरं काहीतरी द्या. नाहीतर..."

येताना बसमध्ये विजयमाला खिडकीशी बसली, मांडीवर ते बासष्ट पानांचं ओझं. डोक्यात एकच घोळ. सविस्तर लिहा म्हणतात, आणि पाच मिनिटं म्हणतात! लांब हवंय की थोडकं हवंय? थोडकं लिहिलं तर गरज थोडकी वाटेल. लांब लिहिलं तर वाचणार नाहीत. मग माणसानं करायचं काय? तुम्ही सांगा! मला विचाराल तर त्या बसमध्ये मीही असाच बसलो असतो, तोंड उघडं टाकून.

मंगळवारी सकाळी ती लाल पेन घेऊन बसली. काढून टाकू म्हणाली. पान एक — हे काढलं तर गुरुजींना वाईट वाटेल. राहू दे. पान बारा — रस्ता. सरपंच विचारतील. राहू दे. पान तीस — आकडे आहेत, पण जरा समजावून सांगायला हवेत. मग समास भरून लिहिलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. दहा वाजता मोजलं. मंडळी, बासष्टाची चौसष्ट झाली होती!

कपाळ टेबलाला टेकवून बसली बिचारी. देवाला म्हणाली, "बाबा रे, मला नाही येत हे. मला सुई दे, कात्री दे, माझं काम दे."

आणि देव कधी कधी फार लवकर ऐकतो हो!

दारात जीप थांबली. धनगरवाड्यावरची चंद्रा झोरे, तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, नववा महिना. नवऱ्यानं उचलूनच आणलं होतं. डोकं फुटायला आलंय म्हणत होती. डोळ्यांपुढं अंधारी. पायावर सूज एवढी की पैंजण रुतले होते. विजयमालेनं रक्तदाब बघितला. एकदा बघितला. दुसऱ्यांदा बघितला. आणि तिच्या डोक्यातला सगळा काला कुठल्या कुठं गेला!

कागद गेले टेबलाखाली. हात चालू लागले. अशा बाईला कधीही झटका येतो, आकडी येते, आई जाते आणि बाळही जातं. झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला, लागला नाही — डोंगरात कधी लागतो! रुग्णवाहिकेची वाट बघण्यात वेळ जाणार. "जीप वळव!" म्हणाली. चंद्राला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं, सासूच्या मांडीवर डोकं दिलं. आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. उभ्या उभ्या. वर ऊन, बॉनेट तापलेलं. दोन मिनिटं लागली असतील की नाही!

काय लिहिलं? ऐका, अक्षरशः सांगतो.

"ताबडतोब बाळंतपणाचा निर्णय हवा. चंद्रा भिवा झोरे, वय २३, पहिली वेळ, नववा महिना. रक्तदाब १७०/११०, दोनदा पाहिला. डोकेदुखी, अंधारी, पायांवर सूज. झटका आलेला नाही. झटका टाळण्याचं इंजेक्शन ११.४० ला दिलं, नाव आणि मात्रा मागं लिहिली आहे. रक्तगट बी पॉझिटिव्ह. नवरा आणि सासू सोबत, संमती आहे. — वि. खोचरे, घोटवणे."

बस्स.

विजयमालाही जीपमध्ये बसली, आणि दवाखान्याच्या दारात डॉक्टर सबनीस बाई भेटल्या. चालता चालता चिठ्ठी वाचली. पहिली ओळ वाचली आणि तिथूनच ओरडल्या, "ऑपरेशनची खोली तयार करा! बी पॉझिटिव्ह रक्त बघा!" कुणी थांबलं नाही, कुणी विचारलं नाही, पुन्हा सांगावं लागलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. बारीक होती, पण रडली. आणि असं रडली म्हणता! चंद्रा शुद्धीवर आली, वाचली.

सबनीस बाई हात पुसत बाहेर आल्या. विजयमाला बाकावर बसली होती.

"सिस्टर, तुमची चिठ्ठी आली की मला बरं वाटतं. इतर ठिकाणची माणसं येतात, अर्धा तास विचारण्यात जातो. तुमचं वाचलं की हात कामाला लागतात."

विजयमाला ओशाळून म्हणाली, "काहीतरीच काय मॅडम! मला कुठं लिहिता येतं?"

"मग हे कुणी लिहिलं?" बाईंनी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि त्या पुढच्या पेशंटकडं गेल्या.

मंडळी, विजयमालेनं तो कागद पुन्हा वाचला. अक्षर तिचंच. सही तिचीच. ही लिहिणारी बाई मी, तर मग ती बासष्ट पानं लिहिणारी कोण? दोन मिनिटांत हे झालं, आणि आठ दिवसांत ते होईना! हे काय गौडबंगाल आहे? कागद तोच, पेन तेच, हात तोच!

आणि मग तिला दिसलं. चिठ्ठी लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं सबनीस बाई उभ्या होत्या. घाईत, हातमोजे घालणाऱ्या. त्यांना काय करायचंय, त्यासाठी काय कळायला हवं, तेवढंच तिनं लिहिलं. चंद्राच्या घराण्याचा इतिहास लिहिला का? धनगरवाड्याचं निसर्गसौंदर्य लिहिलं का? "सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या चंद्राचा रक्तदाब" — असं लिहिलं असतं तर? पोरगी दारातच गेली असती!

आणि बासष्ट पानं लिहिताना? डोळ्यांपुढं कोण होतं? सरकार. सरकारला चेहरा असतो का? डोळे असतात का? बिनचेहऱ्याच्या माणसाशी बोलायला गेलं की माणूस बरळतो, मंडळी.

बुधवारी सकाळी नऊला ती रेश्माच्या दुकानात हजर. बगलेत उपकेंद्राच्या तीन वर्षांच्या नोंदवह्या. आणि ते बासष्ट पानांचं? घरी.

"रेश्मा, पहिल्यापासून लिहायचंय. पाचच्या आत तालुक्याला पोचवायचंय. तू त्या दिवशी विचारलंस ना, कुणी वाचायचंय? हिरवे साहेबांनी वाचायचंय."

रेश्मा हसली. आता तिची कळी खुलली, कारण ती रोज दहा जणांचे कागद बघते, तिला यातलं सगळं कळतं. फक्त कुणी विचारत नाही! म्हणाली, "मग ताई, साहेबांनी वाचून काय करायचं?"

"बैठकीत सांगायचं. घोटवण्याचं उपकेंद्र बंद करू नका."

"हेच पहिलं वाक्य. टाकते. आता साहेबांना वरचे साहेब काय विचारतील?"

विजयमाला म्हणाली, "विचारतील, लोकसंख्या कमी आहे मग कशाला ठेवायचं. नागरवाडी जवळ आहे ना, असं म्हणतील. आणि विचारतील, बंद केलं तर काय बिघडतं?"

"मग या तिन्हींची उत्तरं. बाकी काही नाही. तुम्ही बोला, मी लिहिते. मध्ये थांबायचं नाही, शब्द शोधायचे नाहीत. चुकलं तर मागून बघू."

विजयमाला लाल मथळ्यांविषयी बोलायला गेली, तर रेश्मानं हातच वर केला! "आधी स्वयंपाक, मग कोथिंबीर. मजकूर पुरा झाल्याशिवाय अक्षराला रंग लावायचा नाही. लोकांचा निम्मा दिवस त्यातच जातो."

आणि फाइलीला नाव काय दिलं? गावाचं नाव, विषय आणि तारीख. रेश्मा म्हणाली, "लोक काय करतात ताई, फायनल म्हणून ठेवतात. मग फायनल दोन. मग एकदम फायनल. मग नवीन फायनल. आणि साहेबांना पाठवतात पहिलंच!" दर थोड्या वेळानं ती फाइल जतन करत होती, कारण बुधवारी नागरवाडीत वीज कधी जाईल, ते विजेलाच माहीत!

नोंदवह्यांतून आकडे निघाले. मागच्या पावसाळ्यात खिंड नऊ दिवस बंद. त्या नऊ दिवसांत उपकेंद्रात चार बाळंतपणं, एक साप चावलेला. पाचही वाचले. बासष्ट पानांत हे कुठं होतं माहिती आहे? एक्कावन्नाव्या पानावर, पावसाच्या वर्णनाखाली! आता ते तक्त्यात बसलं. लहानसा तक्ता, पाच ओळींचा. रस्ता आणि सौर दिवे? रेश्मानं विचारलं, "हे गुरुवारच्या बैठकीत ठरणार आहे का?" नाही. "मग त्याचा अर्ज वेगळा."

एवढ्यात दुकानाच्या पायरीवर कोण? दिगंबर गुरुजी! बाजाराला आले होते. पडद्यावर बघितलं.

"विजयमाला, माझी पानं कुठं आहेत?"

मंडळी, एकोणीस वर्षांत ही बाई गुरुजींपुढं मान वर करून बोलली नव्हती. वाटलं, एक पान तरी घालू. निदान देवीचं. मग तिच्या डोळ्यांपुढं हिरवे साहेबांचं घड्याळ आलं.

"गुरुजी, ती घेतली नाहीत."

"एकही?"

"एकही नाही. तुम्ही लिहिलेलं सुंदर आहे. पण साहेबांच्या पाच मिनिटांतली तीन त्यात जातील. मग खिंडीचं सांगायला वेळ उरणार नाही."

गुरुजींनी पडद्यावरची नजर काढली. छत्री उचलली आणि गेले. विजयमालेच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलं. आणि पुढचं वाक्य सांगितलं. तुम्हाला वाटतं, मी सांगेन की मग गुरुजींना पटलं आणि त्यांनी आशीर्वाद दिला? नाही हो. पुढं कित्येक महिने ते तिच्याशी धड बोलले नाहीत. खऱ्या गोष्टीत सगळ्याच गाठी सुटत नाहीत.

दीड वाजता तीन पानं तयार. विजयमाला उठायला लागली, रेश्मानं बसवलं. "छापून मोठ्यानं वाचायचं. पडद्यावर डोळा फसतो. आणि ज्याला यातलं काही ठाऊक नाही अशा माणसानं ऐकायचं." झेरॉक्स काढायला आलेल्या एका भाजीवाल्या मावशी बाकावर बसल्या होत्या. त्यांना ऐकवलं. मावशी शांतपणे ऐकत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "अगं बाई, मघाशी माणसं दोन हजार चारशे दहा म्हणालीस, आता दोन हजार एकशे चाळीस म्हणतेस. बाकीची गेली कुठं?"

बघा! अकरा वेळा वाचूनही विजयमालेला दिसलं नव्हतं! नोंदवही उघडली. दोन हजार एकशे चाळीस खरं. दुरुस्त केलं. पानांवर क्रमांक टाकले. शेवटी साहेबांसाठी तिचा फोन नंबर. साडेचार वाजता कागद हिरवे साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी पहिली ओळ वाचली, मान हलवली, एवढंच. हो की नाही, काही कळेना.

गुरुवारी ती जिल्ह्याला गेली. आत कुणी सोडेना. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली. शेजारी दुसऱ्या तालुक्यातली एक नर्सबाई, शांता गुळवे, मांडीवर जाडजूड फाइल घेऊन बसलेली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. विजयमालेच्या मनात वेगळीच भीती — तीनच पानं दिली. कमी तर नाही पडली? शेजारीण एवढं घेऊन आलीय. आपण आळस केला असं तर वाटणार नाही? सांगतो ना, गोंधळ असा एका दिवसात जात नाही!

दीडच्या सुमाराला हिरवे साहेब बाहेर आले. "सिस्टर, ठेवलंय. दोन वर्षांसाठी. पुढं आढावा घेतील."

विजयमालेनं विचारलं, "सर, कसं झालं?"

"वरच्या साहेबांनी पहिली ओळ वाचली. विचारलं, खिंड बंद होती तेव्हा काय केलंत? मी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी तक्ता बघितला. पुढचं गाव घेतलं."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी अकरांपैकी सात बंद झाली."

विजयमालेनं शेजारणीच्या फाइलीकडं बघितलं. "सर, त्यांची गरज कमी होती?"

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "माहीत नाही, सिस्टर. कागदावरून कळलं नाही."

मंडळी... पेटी थांबवा जरा.

कागदावरून कळलं नाही. तिथं गरज नव्हती असं नाही. तिथं तळमळ नव्हती असं नाही. कुणी ठाऊक, तिथली खिंड याहून वाईट असेल! पण कळलं नाही. मग दोष कुणाचा? साहेबांनी शंभर पानं वाचायला हवी होती? हो, हवी होती! तिथल्या नर्सबाईनं तीन पानांत सांगायला हवं होतं? हो, तेही हवं होतं! मला दोन्ही खरं वाटतं, आणि म्हणून माझी झोप उडते. पण एक कळतं. दुसऱ्याचे कान आपल्या हातात नाहीत. आपलं तोंड तेवढं आपल्या हातात आहे.

शेजारच्या शांताबाईंचं नाव त्या सातांत होतं. त्या फाइलीवर डोकं ठेवून रडत होत्या. "सगळं लिहिलं होतं हो. काही म्हणजे काही सोडलं नव्हतं!" विजयमालेची गाडी तीनची होती. ती उठली नाही. तिनं साहेबांना विचारून घेतलं — फेरविचाराचा अर्ज पंधरा दिवसांत करता येतो. मग ती शांताबाईंजवळ सरकली, त्यांच्या मांडीवरची फाइल हळूच उचलून बाकावर ठेवली, पर्समधून कोरा कागद काढला, आणि म्हणाली —

"बाई, रडणं नंतर. मला एका वाक्यात सांगा. तुम्हाला काय हवंय?"

शांताबाई रडायच्या थांबल्या. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. विजयमाला पेन धरून थांबली. घाई केली नाही तिनं.

आता तुमच्याकडं वळतो. पळू नका! आरती व्हायचीय अजून!

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठले अहवाल लिहितो! नाही लिहीत? रोज लिहिता! बायको सकाळपासून भांडी आपटते — तो अहवालच आहे, बासष्ट पानांचा! नवरा तीन दिवस घुम्यासारखा बसतो — तोही अहवाल! म्हातारे वडील लेकाला फोन करतात. पावसाचं बोलतात, शेजाऱ्याचं बोलतात, गुडघ्याचं बोलतात. "एकदा येऊन जा रे" हे एक वाक्य तेवढं राहून जातं. आणि लेक म्हणतो, बाबांचं काय, रोजचंच आहे! आणि मग आपण सगळे म्हणतो, माझं कुणी ऐकत नाही!

आणि या गाभाऱ्यापुढं? हात जोडता, डोळे मिटता, घंटा अशी बडवता की देवानं कानावर हात ठेवावेत! मग यादी. नोकरी, लग्न, प्लॉट, गुडघा, शेजाऱ्याची जिरव. तो विचारतो, "बाळा, तुला नेमकं काय हवंय?" आणि आपण म्हणतो, "देवा... सगळंच!"

तो कंटाळत नाही. त्याला पाच मिनिटांची बैठक नाही, तो बासष्ट काय, बासष्ट हजार पानं वाचेल. पण माणसं तशी नाहीत हो. घरात जे माणूस तुमची वाट बघत जागं आहे, त्याच्याजवळ पाचच मिनिटं आहेत असं समजा. आज इथून उठलात की चपला घालताना कुणाशी बोलू नका. मनात तो एक चेहरा आणा. त्याला काय सांगायचंय, ते एका वाक्यात बसवा. बसत नसेल तर दोनदा बसवा. आणि घरी गेल्यावर, पाय धुवायच्या आधी, ते पहिल्यांदा सांगा.

मीही सांगणार आहे. माझी सौभाग्यवती उजव्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलीय. मघापासून हसतेय. तीस वर्षं तासनतास बोलणारा हा माणूस, आणि तिला एक वाक्य अजून सांगायचं राहिलंय.

उठा मंडळी, आरतीला उभे राहा. नाम घ्या — पण आज हळू घ्या.